मिरीच्या चक्कीत यंत्र बसवताना लाकडाला किती जागा सोडायची?

मिरवेल_कुडाळ

नमस्कार. प्रश्न मिरीच्या चक्कीबद्दल आहे, म्हणजे डोकं फिरवलं की खालून मिरपूड पडते ती लाकडी पेपर मिल. जरा सविस्तर लिहिते. चूक नेमकी कुठे होतेय तेच मला कळत नाहीये, आणि अर्धवट सांगितलं तर तुम्हालाही कळणार नाही.

माझे बाबा सावंतवाडीला चितारआळीत लाकडी फळं, पोळपाट-लाटणी, बुद्धिबळाची प्यादी कातायचे. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवायची आणि केवड्याच्या पानाने ती घोटायची, हे मी त्यांच्याकडे बघून शिकले. ते गेल्यावर लेथ मी कुडाळला घेऊन आले. आमची नारळ-सुपारीची बाग आहे, सुपारीवर पन्नियूर-१ या जातीच्या मिरीचे वेल चढवलेत. घरची मिरी विकायला लागलो तेव्हा वाटलं, सोबत चक्कीही आपल्या हातची द्यावी. लाकूड घरचंच. सासरचं जुनं घर उतरवलं तेव्हा माजघरातले सागाचे दोन खांब निघाले, ते कोणालाही द्यायचे नाहीत असं मी आधीच सांगून ठेवलं होतं.

आतलं यंत्र तयार मागवते. संचात असतं ते असं: एक चौकोनी अॅल्युमिनियमची कांडी, वरच्या टोकाला आटे. कांडीच्या खाली दात्यांचा शंकू, तो कांडीबरोबर फिरतो. त्याच्या भोवती दात्यांची कडी, ती फिरत नाही. मधे स्प्रिंग. कडीला खालून धरून ठेवणारी आडवी पट्टी आणि तिचे दोन स्क्रू. डोक्याच्या बुडाला बसवायची चौकोनी भोकाची चकती. आणि सगळ्यात वर घुंडी, ती आवळली की पूड बारीक, सैल केली की जाड.

एप्रिलमध्ये ९ चक्क्या केल्या, आठ इंच उंचीच्या. मधलं भोक २७ मिमी. डोक्याखाली जो गोल भाग त्या भोकात उतरतो, मी त्याला बूच म्हणते, तो २६.८ ठेवला. म्हणजे दोन दशांश मिमी मोकळीक. बाबांच्या व्हर्नियरने (दशांश मिमी दाखवणाऱ्या मापपट्टीने) मोजून. डबीचं झाकण बसावं तसं ते बसत होतं, खूप समाधान वाटलं होतं. खाली कडीसाठी खोबण ४० मिमीची. संचाच्या कागदावर १ ५/८ इंच लिहिलं होतं, पण इथे हार्डवेअरच्या दुकानात ३५ आणि ४० चीच बिटं होती. कडी मोजली तर ३९.८ भरली, म्हणून ४० पुरेल असं धरलं. ती अंगठ्याने दाबून बसवावी लागली.

आता दोन तक्रारी.

एक. जुलैत सहा जणांकडून निरोप आले की डोकं फिरत नाही. घरी ठेवलेली काढून बघितली, तर पूर्ण अडकलेली नाही. एका फेऱ्यात दोन ठिकाणी घट्ट होते आणि मधे दोन ठिकाणी सैल. सासूबाई म्हणाल्या, "गो, ह्यां अर्धां फिरता नि रुसता." अगदी तसंच. लोकांनी काय केलं, तर वरची घुंडी सैल केली. डोकं फिरायला लागलं, पण मिरी पूड व्हायच्या ऐवजी नुसती फुटून पडते.

दोन. सप्टेंबरात एक चक्की नणंदेला मिशिगनला पाठवली. जानेवारीत तिने फोटो पाठवला. बुडापासून वर चार बोटं सरळ चीर गेलीय. ही चीर बघून मी दोन दिवस लेथला हात लावला नाही. त्या खांबाला टेकून घरातली सगळी माणसं बसायची.

मला वाटायचं, शंभरेक वर्षं घरात वाळलेलं लाकूड, त्याला आता काय फुगायचंय नि काय आकसायचंय. माझं चुकतंय कुठे? जागा किती सोडायची?

जुना_फिटर

ताई, तुम्ही मापं लिहिलीत हे फार चांगलं केलंत. मी पिंपरीच्या कारखान्यात ३१ वर्षं लेथवर होतो, लोखंडाच्या. निवृत्तीनंतर लाकडाकडे वळलो आणि पहिल्या वर्षी तुमचीच चूक केली. लोखंडाच्या माणसाला दोन दशांश मोकळीक म्हणजे ढिसाळ काम वाटतं. लाकडाला ती काहीच नाही.

आधी तुमच्या शेवटच्या वाक्याचं बोलू. लाकूड शंभर वर्षांचं असो की दोनशे, ते हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. जुनं लाकूड वाकत-पिळत कमी असेल, कारण त्यातले ताण निवलेले असतात. पण पावसाळ्यात फुगणं आणि उन्हाळ्यात आकसणं थांबत नाही. तुमचा खांब घरात उभा होता तेव्हाही दरवर्षी फुगत होता. त्याच्या पोटात कोणी धातूची कडी ठोकलेली नव्हती, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

आता "दोन ठिकाणी घट्ट, दोन ठिकाणी सैल" हे बघा. रोगाचं नाव त्यातच आहे. लाकूड सगळ्या दिशांनी सारखं फुगत नाही. उभ्या रेषांच्या दिशेने जवळजवळ नाहीच. गाभ्यापासून सालीकडे थोडं. आणि वर्षवलयांच्या कडेकडेने सगळ्यात जास्त, सागात त्या थोड्याच्या दुपटीहून अधिक. ओलं साग पूर्ण कोरडं होईपर्यंत वलयांच्या दिशेने साधारण ५.८ टक्के आकसतं आणि गाभा-साल दिशेने अडीच टक्के. हे आकसणं लाकडातला ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली आला की सुरू होतं. म्हणजे ओलाव्याच्या दर एका टक्क्याला किती, तो भागाकार करता येतो.

तुम्ही एप्रिलमध्ये कातलंत. हवेत ६५ टक्के आर्द्रता धरली तर लाकडात १२ टक्के ओलावा असतो. जुलैत आर्द्रता ८५ च्या पुढे जाते, लाकडातला ओलावा १८ वर. वाढ ६ टक्क्यांची. तुमचं २६.८ चं बूच एका दिशेने २७.११ झालं, दुसऱ्या दिशेने २६.९३. गोल होतं ते लंबगोल झालं. भोकही तसंच लंबगोल झालं, २७.३१ आणि २७.१३. (पावसात भोक बारीक होतं असं पुष्कळ जण समजतात. ते लाकडाबरोबर मोठंच होतं.) दोन्ही लंबगोल एका दिशेला असतात तेव्हा बूच मोकळं फिरतं. डोकं पाव फेरा फिरवलं की बुचाची लांब बाजू भोकाच्या आखूड बाजूत येते. २७.११ हे २७.१३ मध्ये. उरले दोन शतांश. लाकूड लाकडाला तिथे धरणारच. पुढच्या पाव फेऱ्यात परत मोकळं. सासूबाईंचं निदान बरोबर आहे.

उपाय सोपा आहे. बूच २६.२ ला आणा. डोकं केंद्रात ठेवायचं काम कांडी आणि चकती करतात, बुचाने फक्त वाट दाखवायची. डबीच्या झाकणासारखं बसलं की हाताला बरं वाटतं हे मला माहीत आहे, मलाही वाटायचं. पण ती फट डोक्याच्या काठाखाली झाकली जाते, कोणाला दिसत नाही. लेथवर डोकं उलटं धरा, पटाशीने हलकेच घ्या, शेवटी २४० चा पॉलिश पेपर. एका डोक्याला दहा मिनिटं.

मिशिगनच्या चक्कीचं कारणही हेच, फक्त उलट्या दिशेने. तिथली थंडी कोणी तरी सोसलेला माणूस सांगेल तर बरं.

ओटावाकर_सुतार

मी सांगतो. मूळचा सांगलीचा, इथे येऊन १४ वर्षं झाली. तळघरात लेथ आहे आणि आमच्या कातकाम मंडळात मिरी-चक्क्या सगळेच करतात.

बाहेर उणे २० असतं तेव्हा घरात हीटर अखंड चालू असतो आणि घरातली आर्द्रता ३० टक्क्यांवर येते. त्या हवेत लाकडात उरतो फक्त ६ टक्के ओलावा. ताईंनी चक्की सप्टेंबरात पाठवली, म्हणजे लाकूड १८ टक्क्यांचं होतं. ते तिकडे चार महिन्यांत १२ टक्के उतरलं. जुना_फिटर काकांच्याच हिशोबाने वलयांच्या दिशेने २.३ टक्के आकस. तुमची एप्रिलमधली ४० ची खोबण पावसाळ्यात त्या दिशेने ४०.५ झाली होती, ती आकसून ३९.५ झाली आणि आत ३९.८ ची धातूची कडी. कडी आकसत नाही. फाटणार लाकूडच. चीर बुडापासून सुरू झाली ती त्यामुळेच, कडी तिथेच आहे.

कागदावरचं १ ५/८ इंच म्हणजे ४१.३ मिमी होतं, ताई. ते दीड मिमी त्या लोकांनी उगाच दिलेलं नव्हतं. कडीला पट्टी धरून ठेवते, तिने खोबणीच्या भिंतीला टेकायचं कारणच नाही. ४२ चं बिट मिळालं तरी चालेल. आणि कडीभोवती कधीही गोंद किंवा एपॉक्सी भरू नका. इथे एकाने "हलतेय" म्हणून भरलं, ती चक्की पहिल्याच हिवाळ्यात फुटली.

आणखी एक, हे मला फार उशिरा कळलं. आडवी पट्टी दोन स्क्रूंनी लाकडाला बांधली जाते. तिच्या लांबीच्या दिशेला लाकूड जास्त हलत असेल तर स्क्रू ओढले जातात. म्हणून बुडाकडून वलयं बघा आणि पट्टी वलयांना आडवी ठेवा, गाभ्याकडून सालीकडे. त्या दिशेला हालचाल निम्म्याहून कमी. जुन्या सागात वलयं छान दिसतात, ओल्या फडक्याने पुसलं की लगेच. स्क्रूला आधी २ मिमीचं भोक पाडा, तिथे लाकडाचं उभं टोक असतं, सरळ पिळला तर चिरतं.

नणंदेची चक्की फेकू देऊ नका. तिला सांगा दोन स्क्रू काढायचे, कडी बाहेर काढायची आणि चक्की तशीच उघडी ठेवायची, घरातच, दोन-तीन आठवडे. आतला ताण गेला की चीर पुष्कळशी मिटते. मग एका गोल काठीला ८० चा पॉलिश पेपर गुंडाळून खोबण आतून घासायची, कडी हातात धरून सोडली की आपोआप पडली पाहिजे इतकी. मग चिरेत पातळ सुपरग्लू. सागाला तेल असतं म्हणून चिकटवण्याआधी चीर अॅसिटोनने पुसून घ्यायची. रेष दिसेल, पण चक्की चालेल.

घुंडीबद्दल: लोकांना लिहून द्या की डोकं घड्याळाच्या काट्याच्या दिशेनेच फिरवायचं. उलटं फिरवलं की घुंडी हळूहळू सुटते आणि पूड जाड होत जाते. बूच मोकळं झाल्यावर मात्र ती सैल करायची वेळच येऊ नये.

स्पिरिट_आणि_चपडा

वरच्या दोघांचं पटलं. मला आतल्या बाजूबद्दल बोलायचंय, कारण त्याबद्दल कोणी काही लिहिलं नाही. ताई बाहेरून लाख देतात आणि आतून लाकूड कोरं ठेवतात, असं मी धरतो. मग पावसाळ्यात सगळा ओलावा आतून शिरतो. मी चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून, चांगला पातळ करून भोकाला दोन हात देतो. कापडाची सुरनळी काठीला बांधायची, एकदा आत फिरवायची, आठ दिवस उघडं ठेवायचं, वास पूर्ण गेला की दुसरा हात. चपडा म्हणजे लाखच, खाण्याच्या वस्तूला चालते. फुगणं थांबत नाही, पण सावकाश होतं. अचानक चार दिवस झड लागली तर लाकडाला धक्का बसत नाही. बुचालाही द्यायचा.

जवसाचं तेल मात्र आत कधीही नको. त्याचा वास मिरीला लागतो आणि जात नाही.

जुना_फिटर

चपड्याबद्दल माझं मत वेगळं आहे. मी आत कोरंच ठेवतो. मिरीला स्वतःचं तेल असतं, ते वर्षानुवर्षं लाकडात मुरतं आणि रिकामी चक्की उघडली तरी घमघमते. तो वास मला हवा असतो. पण कोकणात विकायचं असेल तर बुचाला आणि खालच्या खोबणीला चपडा द्या, एवढं मीही मान्य करतो.

आणि भोक पाडायच्या क्रमाबद्दल एक राहिलं. ताईंनी ते विचारलेलं नाही, पण नवीन कोणी वाचत असेल म्हणून. मोठी खोबण आधी, लहान भोक नंतर. २७ चं आधी पाडलंत तर मोठ्या फोर्स्टनर बिटच्या (सपाट बुडाचं भोक पाडणाऱ्या बिटच्या) मधल्या टोकाला रुतायला लाकूडच राहत नाही, बिट भरकटतं. वेग ४००-५०० फेरे, त्याहून जास्त नको. दर बोटभर खोलीला बिट बाहेर काढून चुरा झाडायचा. सागात वाळूसारखा सिलिका असतो, धार लवकर जाते, आणि बोथट बिट लाकूड कापत नाही, भाजतं. अर्धं भोक खालून, अर्धं वरून. बाहेरचा आकार सगळ्यात शेवटी, भोकाला केंद्र धरून. आधी सुंदर आकार देऊन मग भोक पाडणाऱ्यांची भिंत एका बाजूला जाड आणि एका बाजूला पातळ होते.

शिवाय जमलं तर भोक दोन टप्प्यांत. आधी २४ चं पाडून ठोकळा महिनाभर घरात ठेवा. लाकूड पोटातून उघडलं की थोडं हलतं, ते हलू दे. मग २७ चं.

खाडीकाठ

मी ताईंकडून गेल्या वर्षी मिरी घेतली होती, दाणा टपोरा आणि खणखणीत. एक शंका. हेच यंत्र बसवून मिठाची चक्की होईल का? आमच्याकडे शिरोड्याच्या मिठागरातलं जाडं मीठ असतं.

ओटावाकर_सुतार

पोलादी दातांच्या यंत्रात मीठ घालू नका, गंजेल. मिठाला सिरॅमिक दात्यांचं यंत्र लागतं. क्रशग्राइंड नावाचं डॅनिश यंत्र आम्ही इथे वापरतो, त्याचे दात सिरॅमिकचे असतात, पूड बारीक-जाड करायची घुंडी बुडाला असते आणि त्याची कांडी हॅकसॉने हवी तेवढी कापता येते. ताईंच्या संचातल्या कांडीला एका टोकाला आटे आणि दुसऱ्या टोकाला शंकू, ती कापता येत नाही, चक्कीची उंचीच कांडीप्रमाणे ठरवावी लागते. पण मीठागरातलं मीठ ओलसर असतं, ते सिरॅमिकमध्येही दाटून बसतं. आधी कढईत मंद आचेवर परतून पूर्ण कोरडं करावं लागेल, आणि पावसाळ्यात दर वेळी मूठभरच भरायचं.

मिरीसाठी मात्र मला पोलादच आवडतं. प्युजो कंपनीने १८७४ साली आपली पहिली मिरी-चक्की काढली. त्यांच्या यंत्रात वरचे मोठे दात दाणा आधी फोडतात आणि खालचे बारीक दात मग दळतात. नुसत्या चिरडण्यापेक्षा हे वेगळं, पूड एकसारखी पडते.

मिरवेल_कुडाळ

सगळ्यांचे मनापासून आभार. लगेच उत्तर दिलं नाही, कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

काका, तुमचा लंबगोलाचा हिशोब वाचला आणि तशीच उठून घरच्या चक्कीचं बूच मोजलं. एका दिशेने २७.१, दुसऱ्या दिशेने २६.९. व्हर्नियर हातात धरून मी तिथेच उभी राहिले. इतके दिवस मी फक्त एकाच दिशेने मोजत होते. बाबा प्रत्येक वस्तू दोनदा मोजायचे, एकदा अशी आणि एकदा आडवी. मला वाटायचं ते खात्री करून घेतात.

सहा चक्क्या परत मागवल्या, पोस्टाचा खर्च मी दिला. बुचं २६.२ केली, चपड्याचा एक-एक हात दिला (आतल्या भोकाचं अजून ठरत नाहीये, दोन आतून चपडा दिलेल्या आणि चार कोऱ्या ठेवल्या, बघू पुढच्या पावसात). डोकं आता पूर्ण फेरा एकाच जोराने फिरतं. घुंडी घट्ट आवळली की पूड अगदी पिठासारखी. सोबत चिठ्ठी घातली, डोकं कुठल्या बाजूने फिरवायचं त्याची. एका चक्कीत दुसराच दोष निघाला. तिच्यात मिरी होती ती आमची नव्हती, अर्धवट वाळलेली, चामट, दात्यांत चिकटून बसलेली. दाताखाली धरल्यावर कट् आवाज झाला तरच ती चक्कीत घालायची, हेही चिठ्ठीत लिहिलं. आम्ही घोस उतरवले की मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवून मग उन्हात घालतो, त्याने रंग सगळा एकसारखा काळा येतो आणि लवकर वाळते. पण वाळवणं मात्र पूर्णच लागतं, त्याला आडवाट नाही.

४१.३ चं बिट मिळालं नाही. ४२ चं कोल्हापूरहून मागवलं. नणंदेने ओटावाच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे कडी काढून ठेवली होती. तिसऱ्या आठवड्यात तिचा फोटो आला, चीर मिटून केसाएवढी राहिलीय. घासून, चिकटवून तिने स्वतः परत बसवली. मी दुसरी पाठवते म्हटलं, तर नको म्हणाली, तिला त्याच खांबाचीच हवीय.

एकच विचारायचं राहिलं. दुसऱ्या खांबाचा वरचा तुकडा आहे, त्याच्या मधोमध गाभा आलाय. वलयं गाभ्याभोवती पूर्ण गोल. त्यात पट्टी कुठल्याही दिशेने ठेवली तरी ती वलयांना आडवीच येणार. मग ते चांगलं की वाईट? की गाभा मधे असलेला तुकडा चक्कीला घ्यायचाच नाही?

जुना_फिटर

तो तुकडा तसाच घेऊ नका, ताई. गाभा मधे असला की वलयांच्या दिशेची आकस सगळीकडून एकदम ओढते आणि लाकूड गाभ्याकडून सालीपर्यंत चिरतं. २७ चं भोक पाडलंत तर गाभा निघून जातो आणि धोका कमी होतो, पण पूर्ण जात नाही. तुकडा किती जाड आहे? १६० मिमीच्या वर असेल तर गाभा सोडून चार बाजूंचे चार ठोकळे निघतील, ६५ चौरसाचे. खांबाचा फोटो टाका, दोन्ही टोकांचा. कुठून करवत घालायची ते रेषा मारून दाखवतो.